टिकलेल्या तबकड्या

विलेपार्ल्याचा इतिहास सांगताना बिस्किटांच्या वासापासून सुरुवात करण्याची प्रथा आहे. १९२९ साली सुरू झालेला तो कारखाना २०१६ साली बंद पडला आणि तो वासही गेला. पार्ल्याची दुसरी ओळख मात्र कानांशी निगडित आहे. लोकमान्य सेवा संघ १९२३ साली स्थापन झाला. त्याच्या आसपास व्याख्याने, नाटके आणि गाण्याच्या बैठकी यांचे एक वातावरण तयार झाले. पार्ले टिळक विद्यालयाचे विद्यार्थी असलेले पु. ल. देशपांडे पुढे लेखक म्हणून नावाजले, पण पेटीवरची त्यांची बोटे अखेरपर्यंत सुटली नाहीत. पूर्वेकडे हे चालले असता इर्ल्याच्या बाजूला, आमच्या ख्रिस्ती घरांतून, व्हायोलिन आणि पियानोचे धडे गिरवले जात. मधून रेल्वेचे रूळ गेले होते, परंतु आवाजाला फाटक लागत नाही. दोन्ही बाजूंच्या दिवाणखान्यांत रेडिओ होता आणि ऐपतीप्रमाणे तबकड्याही होत्या.

त्या तबकड्यांपैकी आज पुन्हा मन लावून ऐकाव्यात अशा किती, हा प्रश्न आम्ही येथे घेतला आहे. ‘माझ्या लहानपणी हे गाणे घरी लागत असे’ हा पुरावा आम्ही ग्राह्य धरत नाही. आठवणीमुळे सुमार गाणेही गोड लागते. ज्या मुलाला ती आठवण नाही, त्याने ऐकल्यावर तो थांबतो का, एवढेच पाहावयाचे.

आरंभ लाखेच्या तबकडीपासून करू. फ्रेड गायसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ १९०२ साली कलकत्त्यास आला आणि आपल्याकडील ध्वनिमुद्रणास प्रारंभ झाला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या काळ्या, जड तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. हातून पडली की तिचे तुकडे होत. रंगभूमीवर बालगंधर्वांचे एकच पद ‘वन्स मोअर’च्या गजरात किती वेळ चाले याच्या कथा आपण ऐकल्या आहेत, ते सारे वैभव तीन मिनिटांत कोंबायचे होते. हे अन्यायाचे वाटते खरे. परंतु त्या कोंडीतच एक शिस्त होती. पाल्हाळाला जागा नव्हती. पहिल्या सुरातच काय ते सांगावे लागे. कुमार गंधर्व बालवयात अशाच तबकड्या ऐकून थोरामोठ्यांचे गाणे हुबेहूब गाऊन दाखवीत. पुढे त्याच कुमारांनी १९६५ साली ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला, तेव्हा नक्कल कोठेही नव्हती. ऐकलेले गाणे आत मुरवून, स्वतःच्या गळ्यातून, स्वतःच्या समजुतीने त्यांनी ते पुन्हा उभे केले. तबकडी टिकली म्हणजे काय झाले, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. लाखेचा तुकडा कपाटात राहिला आणि गाणे दुसऱ्या गळ्यात गेले.

आता ‘गीतरामायणा’कडे वळू. एका धर्मगुरूने त्याविषयी विस्ताराने लिहावे याचे कोणास नवल वाटण्याचे कारण नाही. पुराण गाऊन ऐकण्याची सवय आपल्या पूर्वजांनाही होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले ते गाण्यासाठीच.

१ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून या मालिकेतील पहिले गीत प्रसारित झाले. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडके यांच्या. दर आठवड्याला एक नवे गीत द्यावयाचे होते. वर्षाची बावन्न व्हायची ती अधिक मासामुळे छप्पन्न झाली आणि मालिका एप्रिल १९५६ मध्ये संपली. पहिल्या गीताचा कागद ऐन वेळी हरवला आणि गदिमांनी ते पुन्हा लिहून दिले, ही कथा प्रसिद्ध आहे. आमचे लक्ष वेधते ती त्यामागील घाई. कवी आज लिहितो आहे, संगीतकार उद्या चाल लावतो आहे, परवा प्रसारण. एवढ्या तातडीने केलेली कामे सहसा दुसऱ्या दिवशीच शिळी होतात. हे झाले नाही याची आम्हांस दोन कारणे दिसतात. एक असे, की घाईच्या मागे दोघांचीही अनेक वर्षांची तयारी उभी होती. दुसरे, वाद्यमेळ मोजका होता. शब्द ऐकू यावा याची काळजी आधी, शोभा नंतर. त्या काळच्या चित्रपटांतील भरगच्च वाद्यवृंद आज ऐकताना आपण प्रथम काळ ओळखतो आणि मग गाणे. येथे तसे होत नाही.

मूळ प्रसारणात एकाहून अनेक आवाज होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक आणि लता मंगेशकर यांनी निरनिराळ्या पात्रांच्या मुखीची गीते गायिली. पवित्र सप्ताहात प्रभूच्या दुःखसहनाचे शुभवर्तमान आपण तीन वाचकांकडून ऐकतो: एक निवेदक, एक ख्रिस्त, एक इतरांसाठी. तोच हा प्रकार. मात्र पुढे जो तबकड्यांचा दहांचा संच घराघरांत गेला, त्यात सारी गीते एकट्या बाबूजींच्या, म्हणजे फडके यांच्या, आवाजात आहेत. दशरथ तेच, सीता तीच, कुशलवही तेच. प्रथम ऐकणाऱ्याला हे तोट्याचे वाटेल. आमचे मत वेगळे आहे. अनेक आवाजांची ती मूळ रचना रेडिओनाट्याच्या अंगाने जाणारी होती. एकाच आवाजात येताच तिने कीर्तनाचे जुने रूप घेतले. कीर्तनकार एकटाच सर्व पात्रे होतो आणि श्रोत्याला ते खटकत नाही. एक माणूस आणि एक पेटी एवढ्यावर जे उभे राहते, ते कोणीही उचलून नेऊ शकतो. बाबूजींनी स्वतः ते गावोगाव नेले. हिंदी, गुजराती, कन्नड, कोकणी अशा भाषांतून त्याच चालींवर अनुवाद झाले. माडगूळकर १९७७ साली गेले, फडके २००२ साली. आजही एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादी मुलगी त्यातील एखादे गीत म्हणते तेव्हा तिने तबकडी पाहिलेलीही नसते.

याच्या अगदी उलट स्वभावाची तबकडी म्हणजे १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’. ती कोणी गुणगुणत नाही. ती ऐकावीच लागते. एच.एम.व्ही.मध्ये ध्वनिमुद्रणाचे काम पाहणारे जी. एन. जोशी हे तिचे निर्माते. ते स्वतः भावगीत गायक. त्यांचे ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे आठवणींचे पुस्तक अनेकांनी वाचले असेल. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा हे तिघेही तेव्हा तिशीच्या आसपासचे. संतूर आणि गिटार ही दोन्ही वाद्ये शास्त्रीय संगीताच्या उंबरठ्यावर उभी होती. आत घ्यावे की नाही याबद्दल जाणकारांत कुरकुर होती. तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस त्या त्या वेळेच्या रागांतून सांगायचा, ही कल्पना. तीन मिनिटांच्या तबकडीवर ती शक्यच नव्हती. एका बाजूस वीस मिनिटे देणाऱ्या एल.पी.नेच ती शक्य केली. कथा थोडी भाबडी आहे, हे मान्य करू. तबकडी टिकली ती कथेमुळे नव्हे, तर तिघांनी एकमेकांना दिलेल्या जागेमुळे. एक वाजवीत असता दुसरे दोघे ऐकत आहेत, हे आपल्याला ऐकू येते.

पुढच्याच वर्षी, १९६८ साली, शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ आली. ही तबकडी आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटावी. सतार रईस खान यांची, सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा. पण ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रम्सवर लेस्ली गुदिन्हो, पियानोवर लुसिला पाशेको. ही नावे पाहून आपल्या घरांतील ज्येष्ठांचे डोळे चमकतात. गोव्यातील चर्चच्या संगीतशाळांत जी स्वरलिपी पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली, तिच्या बळावर ही माणसे मुंबईच्या चित्रपटसंगीताचा कणा बनली. तबकडी म्हणून मात्र हिच्याविषयी आमचे मत मिश्र आहे. काही तुकडे अजूनही ताजे आहेत. काहींत रागाची केवळ स्वरपंक्ती उचलून तिच्याखाली ठेका धरला आहे, आणि एकदा नवलाई ओसरली की हाती फारसे उरत नाही. वादक मोठे होते. त्यांना वेळ कमी मिळाला असावा असे ऐकताना वाटत राहते.

आणि मग ज्याची तबकडी घरोघरी गेलीच नाही असा एक प्रयत्न. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात, लता मंगेशकर व मन्ना डे यांना सोबत घेऊन, भारतीय रागांवर रचलेले स्वतःचे वाद्यवृंदसंगीत सादर केले. आज लोकांना हे नाव ठाऊक आहे ते १९७७ सालच्या चित्रपटातील एका विनोदी गाण्यामुळे, कारण त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूचे नाव त्यात गुंफले. २०१२ साली गोन्साल्विस वारले. शिष्याने नाव राखले. संगीत मात्र जे त्या संध्याकाळी समोर बसले होते त्यांच्यापुरतेच राहिले. टिकण्याची लायकी असणे आणि टिकणे यांत केवढे अंतर असते!

उपासनेच्या संगीताविषयी थोडेसेच. ‘मिस्सा लुबा’ हे काँगोमधील मुलांच्या गायकवृंदाचे ध्वनिमुद्रण १९५८ सालचे, म्हणजे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या आधीचे. फादर ग्वीडो हाझेन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी शब्द लॅटिनच ठेवले आणि सूर-ताल काँगोचे घेतले. ते आजही अंगावर येते. १९९४ साली स्पेनच्या सीलोस मठातील बेनेडिक्टाइन संन्याशांच्या ग्रेगोरियन गायनाच्या लाखो प्रती जगभर खपल्या. ती मुद्रणे आधीच्या दोन दशकांत केलेली होती. कोणीतरी ती नव्या वेष्टनात बाजारात आणली. आम्ही तेव्हा सेमिनरीत होतो. जे गायन आपल्या चर्चमधून जवळजवळ हद्दपार झाले होते, ते आता दुकानांतून ऐकू येत होते, याची आम्हां विद्यार्थ्यांना मोठी गंमत वाटे. याच सुमारास निघालेल्या आपल्या मराठी भक्तिगीतांच्या ध्वनिफितींपैकी बऱ्याच आज ऐकवत नाहीत, हे दुःखाने नमूद करावे लागते. दोष शब्दांचा नाही, आवाजांचाही नाही. विजेच्या कीबोर्डवर बासरी, व्हायोलिन, तबला सारे एकाच माणसाने वाजविण्याची तेव्हा नवी सोय झाली होती, आणि स्वस्त पडते म्हणून सर्वांनी ती घेतली. त्या खोट्या बासरीने चांगल्या चालींचे वय वाढविले. त्याच चाली रविवारी मिस्साच्या वेळी साध्या पेटी-ढोलकीवर लोक गातात तेव्हा त्या पुन्हा तरुण होतात; म्हणजे चाल गेलेली नाही, फीत गेली आहे.

हे सर्व आता लिहिण्यास एक निमित्त आहे. पार्ल्यात जुने बंगले आणि इमारती पाडून मनोरे उठत आहेत. गावठाणातील घरेही त्यातून सुटलेली नाहीत. सामान आवरताना तबकड्यांची आणि फितींची खोकी बाहेर येतात, आणि आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे ती आमच्याकडे आणून ठेवतात, कारण भंगारात द्यायला हात धजत नाही. त्या खोक्यांतील ‘गीतरामायण’ किंवा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ यांची काळजी नसावी. त्यांच्या प्रती अगणित आहेत. आम्ही शोधतो ते छापील वेष्टन नसलेल्या, निळ्या शाईत केवळ ‘लग्न’ आणि एखादे साल लिहिलेल्या ध्वनिफिती.

कॅसेट आपल्याकडे स्वस्त झाली ती ऐंशीच्या दशकात. तबकडी काढायला कंपनी लागे. कॅसेटला केवळ एक बटण दाबावे लागे. त्यामुळे आमच्या ईस्ट इंडियन घरांत उंबराच्या पाण्याला निघालेल्या बायकांची गाणी, घुमटाचा आवाज, मांडवातील थट्टा, हे सारे प्रथमच कोणीतरी धरून ठेवले. ती गाणी कोणी लिहून ठेवली नव्हती. आज त्यांतील पुष्कळ आवाज हयात नाहीत, आणि त्या फितीची दुसरी प्रत जगात कोठेही नाही. एका फितीत गाणाऱ्या आजी मध्येच थांबून एका मुलीला ओरडतात, कडवे चुकले म्हणून, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. ध्वनिमुद्रण म्हणून ते सदोष आहे. पण गाणे कसे शिकविले जाई, हे त्याहून स्पष्ट दाखविणारा पुरावा आमच्या पाहण्यात नाही.

फितीवरील चुंबकीय लेप दमट हवेत सुटू लागतो. पांढरी बुरशी दिसली तर ती फीत यंत्रात घालू नये, आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. कवच तुटले असेल तर फीत दुसऱ्या कवचात बसविता येते. यंत्राचे डोके स्पिरिटने पुसावे, फीत एकदा सावकाश पुढे आणि मागे गुंडाळून घ्यावी, आणि पहिल्यांदा वाजवितानाच तिची संगणकावर नोंद करावी, कारण दुसरी संधी मिळेलच असे नाही. नोंद करतेवेळी गाणाऱ्यांना ओळखणारे कोणी घरातील ज्येष्ठ शेजारी बसले असतील तर उत्तम. त्यांनी ओळखलेली नावे कागदावर उतरवून तो कागद फितीच्या डबीतच ठेवावा.