एक नंबर सातपुड्यात कसा आला

मराठीत ‘एक नंबर’ म्हणजे झकास. मिसळ एक नंबर, पिक्चर एक नंबर. अक्कलकुव्याचा एक नंबर मात्र कौतुकाचा नाही, कागदाचा आहे. तिथल्या मतदार यादीचं पहिलं पान उघडलं की वरच दिसतं : ‘विधानसभा मतदारसंघाचा क्रमांक, नाव व आरक्षणाची स्थिती : १ - अक्कलकुवा (अ.ज.)’. २८८ जागांच्या विधानसभेतली ही पहिली जागा. नंदुरबार जिल्ह्याच्या चारही जागांचे नंबर असे ओळीने लागतात : अक्कलकुवा एक, शहादा दोन, नंदुरबार तीन, नवापूर चार. लोकसभेच्या यादीतही नंदुरबार एक नंबरलाच.

निवडणूक आली की ‘यादीत पहिले, विकासात शेवटचे’ हे वाक्य निदान एका सभेत तरी येतंच. टाळ्या मिळतात. पण हा एक तिथे आला कुठून? वाटतं तितका तो जुना नाही.

२००४ ची विधानसभा निवडणूक झाली तेव्हा एक नंबर होता सावंतवाडीचा. दोनला वेंगुर्ले, तीनला कणकवली. लोकसभेला पहिला मतदारसंघ राजापूर. म्हणजे राज्याची मोजदाद तळकोकणातून सुरू व्हायची आणि आकडे किनाऱ्याने वर चढत जायचे. सातपुड्याचा नंबर त्यात कुठेतरी मधे यायचा. विशेष म्हणजे त्या यादीत अक्कलकुव्याचं नावच नव्हतं. मतदारसंघ होते अक्राणी आणि तळोदा. शहादा तेव्हा खुला होता.

मग २००२ च्या परिसीमन कायद्याप्रमाणे झालेली नवी आखणी आली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००१ ची जनगणना समोर ठेवून देशभरातल्या बहुतेक राज्यांचे मतदारसंघ नव्याने आखले. २००८ मध्ये आदेश निघाला. हद्दींबरोबर नंबरही नव्याने पडले, आणि त्यासाठी सूत्र ठरलं होतं : उत्तर-वायव्येला सुरुवात करायची, नागमोडी वळत दक्षिणेला संपवायचं. महाराष्ट्राचा नकाशा भिंतीला लावून वायव्येच्या टोकावर बोट ठेवा. बोटाखाली येतो नर्मदेचा काठ आणि सातपुड्याची शेवटची रांग. अक्कलकुव्याला एक नंबर मिळाला तो एवढ्याच कारणाने. मान म्हणून नाही, न्याय म्हणून तर नाहीच.

तिथून पुढची नागमोड पाहण्यासारखी आहे. नवापूर चार झाल्यावर आकडे साक्रीला उतरतात, धुळ्यावरून फिरून शिरपूरला नऊ होतात, चोपड्याला दहा. जळगाव, विदर्भ करत पार अहेरीपर्यंत जातात, तिथे एकोणसत्तर. मागे वळून किनवटला त्र्याऐंशी, मराठवाडा ओलांडून नांदगावला एकशे तेरा, घाट उतरून डहाणूला एकशे अठ्ठावीस, कुलाब्याला एकशे सत्त्याऐंशी. पुन्हा देश, पुन्हा कोकण, आणि शेवट सांगली जिल्ह्यातल्या जतला : दोनशे अठ्ठ्याऐंशी. या वाटेत सावंतवाडीच्या वाट्याला आला २७०. एक नंबर गेला म्हणून तिथे कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही. कोकणी माणूस एवढ्या-तेवढ्याने हलत नाही.

या आखणीत दोन नावं पुसली गेली. अक्राणी, म्हणजे धडगावचा डोंगरी तालुका, अक्कलकुव्यात गेला. तळोद्याची बाजू शहाद्याला जोडली गेली आणि शहादा राखीव झाला. नवा अक्कलकुवा मतदारसंघ म्हणजे अक्कलकुवा आणि धडगाव, मधे मोलगीचा डोंगर. एका तहसील कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जायचं तर घाट चढावा लागतो. उमेदवाराच्या गाडीची परीक्षा पहिल्या आठवड्यातच होते. प्रचार मराठीत सुरू झाला तरी पोचतो तो भिलीत आणि पावरीत.

नंबरचं कूळ असं पोरवयाचं. पण त्याच ओळीत कंसात ‘अ.ज.’ ही दोन अक्षरं आहेत, म्हणजे अनुसूचित जमाती. त्यातल्या ‘अनुसूचित’ या शब्दाचं कूळ फार लांब जातं.

१८७४ साली इंग्रज सरकारने ‘अनुसूचित जिल्हे’ नावाचा कायदा केला. नेहमीचे कायदे जिथे सरसकट लावायचे नव्हते, अशा मुलखांची यादी त्याला जोडली होती. मुंबई इलाख्याच्या यादीत खानदेशातल्या सहा मेवासी सरदारांची गावं होती : काठीचे पाडवी, नालचे पाडवी, सिंगपूरचे पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावे आणि नवलपूरचे पाडवी. इंग्रजी कागदात ‘पारवी’, ‘वालवी’, ‘वसावा’ अशी लिहिलेली ही कुळनावं. कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं ते.

पुढे राज्य बदललं, राज्यघटना आली. १९५० साली राष्ट्रपतींनी अनुसूचित क्षेत्रांचा आदेश काढला. त्यात पश्चिम खानदेशाखाली शहादा, नंदुरबार, तळोदा, नवापूर, अक्राणी ही नावं आहेत, आणि पुढे पुन्हा तेच सहा सरदार, त्याच क्रमाने. शहात्तर वर्षांत काना-मात्रा हलली नव्हती. प्रजासत्ताकाने साहेबाची यादी जशीच्या तशी उतरवून घेतली! मला या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते. ज्या यादीचा हेतू मुलूख वेगळा ठेवण्याचा होता, तीच पुढे त्याच्या संरक्षणासाठी वापरली गेली. राज्यघटनेची पाचवी अनुसूची या मुलखाला लागू झाली ती तिच्याच आधारे.

मेवासींची मालकी १९६१ च्या विनियमाने गेली. १९८५ साली महाराष्ट्रासाठी अनुसूचित क्षेत्रांचा नवा आदेश निघाला, त्यात नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके सरळ नावाने आले आणि सरदारांची नावं कायद्याच्या पुस्तकातून उतरली. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. आता काठीकरांचं नाव निघतं ते राजवाडी होळीला, पहाटे दांडा उभा राहतो तेव्हा.

पण कायद्यातून उतरलेली तीच आडनावं मतपत्रिकेवर चढली. अक्राणी आणि पुढे अक्कलकुवा मिळून काँग्रेसचे के. सी. पाडवी सात वेळा निवडून आले. २०१९ मध्ये त्यांनी शिवसेनेच्या आमश्या पाडवींना अवघ्या २,०९६ मतांनी हरवलं, आणि मग आदिवासी विकास मंत्री झाले. २०२४ मध्ये आमश्या पाडवींनी, आता शिंदेंच्या शिवसेनेतून, २,९०४ मतांनी परतफेड केली. माजी खासदार हीना गावित भाजप सोडून अपक्ष उभ्या राहिल्या आणि साठ हजारांवर मतं घेऊन गेल्या. पाडवी विरुद्ध पाडवी ही लढत बाहेरच्या पत्रकाराला गोंधळात टाकते. इथल्या मतदाराला नाही. तो गाव विचारतो, पाडा विचारतो, आडनावावर थांबत नाही.

आता त्या मतदार यादीचं पान पुन्हा उघडू. मतदारसंघ क्रमांकाच्या शेजारी यादीचा भाग क्रमांक असतो. मतदारसंघ एकमधला भाग एक, म्हणजे राज्यातलं पहिलं मतदान केंद्र, मणिबेली.

हे नाव ऐकलेलं वाटत असेल तर ते निवडणुकीमुळे नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावं आली; त्यातलं धरणाच्या भिंतीला सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात आधी बुडालेलं गाव मणिबेली. नव्वदीच्या सुरुवातीला नर्मदा बचाव आंदोलनाचा सत्याग्रह इथेच झाला. १९९३ मध्ये जागतिक बँकेचं कर्ज प्रकल्पातून निघालं, आणि १९९४ साली जगभरातल्या संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जाविरोधात जाहीरनामा काढला तेव्हा त्याला नाव दिलं मणिबेलीचं. काही कुटुंबं गुजरातेत वसाहतीत गेली, काही डोंगर चढून वर राहिली. जी राहिली त्यांच्यासाठी मतदान केंद्र राहिलं.

निवडणुकीच्या आदल्या दिवशी साहित्य वाटप होतं. केंद्राध्यक्षाच्या हाती पडतात कंट्रोल युनिट, बॅलट युनिट, व्हीव्हीपॅट, शाईची बाटली, लाख, मेणबत्ती, सह्या-अंगठ्यांची १७-अ ची नोंदवही आणि मतांच्या हिशेबाचा १७-सी नमुना. शहरातलं पथक हे सगळं एसटीत चढवतं आणि तासाभरात शाळेत उतरतं. नर्मदाकाठच्या पथकांना एसटी पुरत नाही. काही गावांना बार्ज किंवा बोटीनेच जावं लागतं. मांडीवर यंत्राची पेटी, पायाशी दऱ्यांची वळकटी, आणि खाली शंभर फुटांवर कुणाचं तरी जुनं शेत. फोनला रेंज नसते, म्हणून किती टक्के झालं हा दर दोन तासांचा निरोप वायरलेसवरून किंवा माणूस धाडून द्यावा लागतो. सकाळी मतदानाआधी अभिरूप मतदान होतं, निदान पन्नास मतांचं. मुंबईच्या केंद्रावर होतं तेवढंच इथेही, मग यादीत नावं कितीही थोडी असोत.

धनखेडी, चिमलखेडी, बामणी, डनेल, मुखडी ही मणिबेलीची शेजारची नावं. नकाशावर त्यांच्या जागी आज निळा रंग आहे. परिसीमन आयोगाने आखणी केली २००१ च्या शिरगणतीवर, तेव्हा धरणाला दरवाजे नव्हते. दरवाजे बंद झाले २०१७ ला, आणि १३८.६८ मीटरपर्यंत पाणी भरलं २०१९ च्या सप्टेंबरात, विधानसभेचं मतदान महिन्यावर आलेलं असताना.

घटनेच्या ८४ व्या दुरुस्तीने पुढची आखणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत थांबवून ठेवली आहे. ती झाली की हद्दी हलतील, राखीव जागा फिरतील. नंबरही कदाचित नव्याने पडतील. सावंतवाडीचा गेला, तसा अक्कलकुव्याचाही जाऊ शकतो. तोपर्यंत महाराष्ट्राच्या मतदार यादीत पहिलं नाव मणिबेलीच्या माणसाचं आहे.