प्रयोगशाळेपासून क्रीडागृहापर्यंत : अमेरिकन विद्यापीठे आणि व्हिडिओ गेमच्या स्पर्धा (१९६२–२०२३)

१

व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना अलीकडे ‘ई-स्पोर्ट्स’ हे नाव रूढ झाले आहे. २०१४ नंतरच्या दशकात अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांनी या स्पर्धांसाठी शिष्यवृत्त्या ठेवल्या, मार्गदर्शक नेमले आणि स्वतंत्र दालने उभारली. बाजारात वाढलेला एक खेळ विद्यापीठाच्या दारी येऊन उभा राहिला आणि विद्यापीठाने त्याला आत घेतले, असा समज यावरून सहज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. संगणकावरील स्पर्धात्मक खेळाची वाढ प्रथम विद्यापीठातच झाली. तेथून बाहेर पडून तो व्यापारी मालमत्ता बनला. आणि पुढे शिष्यवृत्तीच्या मार्गाने तो पुन्हा विद्यापीठात आला. या प्रवासात त्याच्या मालकीत जो पालट झाला, त्याकडे या विषयाच्या चर्चेत पुरेसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत विवेचनाचा रोख त्या पालटावर आहे.

२

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने १९६१ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेस पीडीपी-१ हा संगणक देणगीदाखल दिला. या यंत्राला चित्रपटल जोडलेला होता व ते वापरणाऱ्याच्या आज्ञेस तत्काळ प्रतिसाद देई. स्टीव्ह रसेल यांनी मार्टिन ग्रेट्झ व वेन विटानेन यांच्यासमवेत कल्पिलेला ‘स्पेसवॉर’ हा खेळ १९६२ च्या पूर्वार्धात या यंत्रावर तयार झाला. एका ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणात सापडलेली दोन अवकाशयाने परस्परांवर मारा करतात, असे त्याचे स्वरूप होते. पीटर सॅम्सन यांनी त्याला खऱ्या आकाशाशी जुळणारी ताऱ्यांची पार्श्वभूमी दिली. डॅन एडवर्ड्स यांनी गुरुत्वाकर्षणाचे गणित बसविले. ॲलन कोटोक व बॉब सॉन्डर्स यांनी हातात धरून खेळण्याच्या पेट्या बनविल्या.

या खेळाला मालक नव्हता, ही त्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. कार्यक्रमाची प्रत एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात जाई आणि तेथील मंडळी आपल्या आवडीप्रमाणे तीत फेरफार करीत. खेळणारा, नियम करणारा आणि यंत्राची जोपासना करणारा हे तिघे बहुधा एकच असत. विद्यापीठाकडून त्यांना मिळे ती केवळ मोकळीक. यंत्र संशोधनासाठी होते. कामाच्या वेळेनंतर ते खेळासाठी वापरले गेले, तर तिकडे काणाडोळा केला जाई.

१९ ऑक्टोबर १९७२ रोजी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत ‘स्पेसवॉर’ची जी स्पर्धा भरली, ती व्हिडिओ गेमची आद्य स्पर्धा म्हणून सामान्यतः मानली जाते. पाच जणांच्या खुल्या लढतीत ब्रूस बॉमगार्ट विजयी झाले. ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाची एक वर्षाची वर्गणी, एवढेच पारितोषिक होते. स्ट्युअर्ट ब्रँड यांनी त्याच नियतकालिकात लिहिलेल्या वृत्तान्तामुळे ही घटना इतिहासात नोंदली गेली.

तथापि, याच विद्यापीठाच्या आवारात दुसऱ्या प्रवृत्तीचाही आरंभ झालेला होता. १९७१ साली बिल पिट्स व ह्यू टक यांनी ‘स्पेसवॉर’वर आधारलेले ‘गॅलक्सी गेम’ हे नाणे टाकून चालणारे यंत्र ट्रेसिडर युनियन या विद्यार्थिभवनात बसविले. एका डावाला दहा सेंट पडत. प्रयोगशाळेत जे विनामूल्य होते, त्यावर तेथून थोड्याच अंतरावर शुल्क बसले. पुढील काळाची दिशा या दहा सेंटांत दिसू लागली होती.

३

१९७३ पासून इलिनॉय विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणकव्यवस्थेवर अनेकांनी एकत्र खेळण्याचे खेळ लोकप्रिय झाले. आयोवा स्टेट विद्यापीठातील जॉन डेल्स्के यांनी लिहिलेला ‘एम्पायर’ हा त्यांपैकी एक. धडे शिकविण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेने खेळाडूंचा समाज निर्माण करावा, यात व्यवस्थापकांना अडचण वाटली असली तरी इतिहासाच्या दृष्टीने विसंगती काही नाही. यंत्र दुर्मिळ व महाग होते आणि तरुणांच्या हाती ते केवळ शिक्षणसंस्थेतच लागत असे.

घरगुती संगणकाचा प्रसार झाल्यावर ही मक्तेदारी संपली आणि खेळ कंपन्यांचा माल बनला. तरीही शिक्षणसंस्थांचे जाळे त्याला आवश्यक राहिले. डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ हा खेळ प्रथम विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पार्कसाइड शाखेतील संगणकावरून सर्वांस उपलब्ध करून देण्यात आला, आणि त्यासाठी उसळलेल्या गर्दीने ती यंत्रणा कोलमडली. या खेळाच्या संदेशांनी अंतर्गत जाळे तुंबू लागल्यामुळे काही संस्थांना त्यावर निर्बंध घालावे लागले. विद्यापीठाची भूमिका आता सहनशील यजमानाची राहिली नव्हती. ती त्रस्त घरमालकाची झाली होती.

यानंतरचे संघटन विद्यार्थ्यांनी स्वतः केले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थिनी मोना झांग यांनी २००९ साली ‘कॉलेजिएट स्टारलीग’ स्थापून ‘स्टारक्राफ्ट’ या खेळाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना नियमित स्वरूप दिले. दक्षिण कोरियात याच खेळाने व्यावसायिक स्पर्धांची भक्कम परंपरा निर्माण केली होती. तिचा आदर्श या विद्यार्थ्यांसमोर होता. वसतिगृहातील खोली हेच त्यांचे क्रीडांगण होते.

४

२०१४ साली शिकागो येथील रॉबर्ट मॉरिस युनिव्हर्सिटी इलिनॉय या खासगी संस्थेने ‘लीग ऑफ लेजेंड्स’ खेळणाऱ्यांसाठी क्रीडाशिष्यवृत्ती जाहीर केली आणि एका वर्गखोलीचे स्पर्धादालनात रूपांतर केले. पुढील वर्षी केंटकीतील पाइकव्हिल विद्यापीठाने तोच मार्ग धरला. २०१६ मध्ये अशा संस्थांची ‘नॅशनल असोसिएशन ऑफ कॉलेजिएट ई-स्पोर्ट्स’ ही संघटना स्थापन झाली. २०१७ साली मिसुरीतील स्टीफन्स कॉलेज या महिला महाविद्यालयानेही अधिकृत संघ उभारण्याचे जाहीर केले.

आरंभीच्या यादीत लहान खासगी महाविद्यालये ठळकपणे दिसतात, हा योगायोग नव्हे. अमेरिकेतील पदवीपूर्व विद्यार्थिसंख्या २०१० नंतर घटू लागली होती. फुटबॉलचे मैदान बांधण्यापेक्षा काही संगणक मांडणे पुष्कळ स्वस्त, आणि त्यायोगे येणारा विद्यार्थी शुल्काचा काही भाग भरणाराच असे. अर्थात या उपायाच्या मर्यादाही स्पष्ट झाल्या. ज्या रॉबर्ट मॉरिस संस्थेने हा पायंडा पाडला, ती २०२० मध्ये रूझवेल्ट विद्यापीठात विलीन झाली. संघ टिकला, संस्थेचे स्वतंत्र अस्तित्व टिकले नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेने सप्टेंबर २०१६ मध्ये उघडलेले दालन याहून वेगळ्या हेतूंचे निदर्शक आहे. विद्यार्थिभवनातील सुमारे ३,५०० चौरस फुटांचे हे दालन केवळ संघापुरते राखलेले नव्हते; शुल्क देऊन इतरांनाही तेथे खेळता येई. स्पर्धा, संशोधन, समाजाशी संपर्क आणि विद्यार्थ्यांचे भावी व्यवसाय या चारही बाजूंचा तेथे एकत्र विचार झाला. या शाखेच्या संघाने २०१८ साली ‘लीग ऑफ लेजेंड्स’चे महाविद्यालयीन अजिंक्यपद मिळविले. त्याच वर्षी तिच्या सहकार्याने ऑरेंज काउंटीतील माध्यमिक शाळांसाठी स्पर्धामाला सुरू झाली, आणि तीत सामन्यांबरोबर अभ्यासक्रमाचीही जोड होती.

५

दालने उभी राहिली, परंतु त्यांत खेळला जाणारा खेळ कोणाचा, हा प्रश्न उरला. खो-खोचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरेल. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली त्याचे नियम बांधण्यासाठी समिती नेमली, तेव्हा लोकांत रुळलेल्या खेळाला तिने शिस्त दिली. त्या खेळाची मालकी तिने घेतली नाही, आणि तशी ती घेणे शक्यही नव्हते. व्हिडिओ गेमचे नियम, त्यांतील बदल व स्पर्धा भरविण्याची परवानगी ही सर्व निर्मात्या कंपनीच्या हाती असतात.

याचा प्रत्यय लवकरच आला. ब्लिझार्ड या कंपनीने आपल्या ‘हीरोज ऑफ द स्टॉर्म’ या खेळासाठी महाविद्यालयीन स्पर्धा सुरू केली. २०१५ मधील तिचा अंतिम सामना ईएसपीएनच्या वाहिनीवर दाखविण्यात आला. विजयी ठरलेल्या बर्कली येथील विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्काचे पारितोषिक मिळाले. डिसेंबर २०१८ मध्ये कंपनीने एका निवेदनाद्वारे ही स्पर्धा पुढील वर्षापासून बंद केली. कोणत्याही विद्यापीठाला, खेळाडूसंघाला वा क्रीडामंडळाला त्या निर्णयात मत नव्हते.

दुसरा प्रश्न कायद्याचा आहे. शिक्षणात लिंगभेदास मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा अमेरिकन कायदा १९७२ चा, म्हणजे स्टॅनफर्डच्या स्पर्धेच्याच वर्षीचा आहे. फ्लोरिडा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने पुरुषांचा नौकानयनसंघ बंद केल्यावर विद्यार्थी न्यायालयात गेले. आपल्या पुरुष खेळाडूंच्या संख्येत ई-स्पोर्ट्सचा संघही धरावा, अशी संस्थेची भूमिका होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने ती अमान्य केली. या कायद्याच्या प्रयोजनार्थ ई-स्पोर्ट्सला क्रीडाप्रकार मानता येत नाही, असा त्याचा अभिप्राय पडला. आंतरमहाविद्यालयीन खेळांची प्रमुख नियामक संस्था एनसीएए हिनेही २०१९ मध्ये या क्षेत्राची जबाबदारी घेण्याचे टाळले होते. परिणामी, एकीकडे शिष्यवृत्ती आहे आणि दुसरीकडे खेळाडूच्या हक्कांची समान चौकट नाही, अशा स्थितीत हा विद्यार्थी राहिला.

६

या साठ वर्षांत विद्यापीठ क्रमाने सहनशील यजमान, त्रस्त घरमालक आणि उदार आश्रयदाता झाले. सोयी वाढल्या, खेळाडूला प्रतिष्ठा मिळाली, पूर्वी मोजक्या संशोधकांपुरते असलेले दार पुष्कळांना उघडले. हा लाभ निःसंशय आहे. मात्र १९६२ सालच्या खेळाडूला खेळ बदलण्याचा जो अधिकार होता, तो शिष्यवृत्तिधारक खेळाडूला उरला नाही. प्रयोगशाळेतील मंडळी खेळता खेळता यंत्र शिकली, कारण यंत्र व खेळ दोन्ही त्यांच्यासमोर उघडे होते. बंद मालावर मिळविलेले कौशल्य त्या मालाबरोबरच कालबाह्य होण्याचा धोका असतो.

भारतात डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सचा विषय केंद्रीय युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाकडे सोपविण्यात आला, आणि २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांपासून त्याला वेगळे काढले. येथील शिक्षणसंस्थांपुढेही दालने बांधण्याचा प्रश्न येणार आहे. अमेरिकेचा अनुभव पाहता, दालनाचे मोल त्यातील यंत्रांच्या संख्येवरून ठरत नाही. एखाद्या कंपनीने आपला खेळ उद्या मागे घेतला, तर त्या दालनात शिकण्यासारखे काय शिल्लक राहील, या प्रश्नाच्या उत्तरावरून ते ठरते.