घरावरून गेलेली सीमा

अमेरिकेत नोकरीला असलेला माझा एक माजी विद्यार्थी काही वर्षांपूर्वी सुट्टीत गावी आला, तेव्हा माझ्यासाठी एक इंग्रजी कादंबरी घेऊन आला. "सर, हे आपल्याच भागातलं वाटेल बघा," एवढेच म्हणाला. पुस्तकाचे नाव 'ब्लेस मी, अल्टिमा'. लेखक रुडॉल्फो अनाया. एम.ए.ला अमेरिकन साहित्याचा पेपर मी अभ्यासला होता, पण हे नाव त्यात आल्याचे काही आठवेना. दोन रात्रींत पुस्तक संपले आणि मग त्या प्रदेशाचा इतिहास मिळेल तसा वाचत गेलो. त्यातून जे हाती लागले ते या अंकाच्या वाचकांपुढे ठेवतो आहे.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला न्यू मेक्सिको नावाचे राज्य आहे. १५९८ साली तेथे स्पॅनिश वसाहत झाली आणि १६१०च्या सुमारास सांता फे ही राजधानी वसली. म्हणजे इंग्रज यात्रेकरूंचे 'मेफ्लॉवर' जहाज १६२० साली अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले, त्याच्या आधीपासून या मुलखात स्पॅनिश बोलली जात होती. १८२१ साली मेक्सिको स्वतंत्र झाला तेव्हा हा प्रांत त्याच्याकडे गेला. १८४६ साली अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात युद्ध पेटले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकन फौज एकही गोळी न झाडता सांता फेमध्ये शिरली. २ फेब्रुवारी १८४८ रोजी ग्वादालुपे इदाल्गोचा तह झाला. दीड कोटी डॉलरच्या मोबदल्यात मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख अमेरिकेकडे गेला. तिथल्या रहिवाशांना एक वर्षाची मुदत मिळाली. मेक्सिकोचे नागरिक राहायचे असेल तर तसे कळवावे. न कळवणारा आपोआप अमेरिकन ठरेल. बहुतेक माणसे जागची हलली नाहीत. सीमाच त्यांच्या घरावरून पुढे निघून गेली.

तहात मालमत्तेला संरक्षण होते. पण जुन्या इनाम जमिनींना मान्यता देणारे कलम अमेरिकेच्या सिनेटने मंजुरीच्या वेळी गाळून टाकले. स्पॅनिश आणि मेक्सिकन राजवटींत गावांना सामाईक चराईसाठी, लाकूडफाट्यासाठी जमिनी मिळालेल्या होत्या. नव्या कायद्यापुढे कागद दाखवायची वेळ आली तेव्हा कागद अपुरे, भाषा परकी आणि वकिलाची फी म्हणून पुन्हा जमीनच द्यायची. १८९१ साली या दाव्यांसाठी खास न्यायालय नेमले गेले, पण बराचसा मुलूख हातचा गेलाच. न्यू मेक्सिकोला राज्याचा दर्जा मिळायला १९१२ साल उजाडले. लोक स्पॅनिश बोलणारे आणि कॅथलिक, हे त्या विलंबाचे एक मोठे कारण होते. राज्यघटनेत मात्र स्पॅनिश भाषकांसाठी चांगली कलमे घातली गेली. त्यांच्या मुलांना सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही, शिक्षकांना स्पॅनिश शिकवण्याची सोय होईल, असे त्यात लिहिले होते. प्रत्यक्षात त्या साऱ्या नैर्ऋत्य भागातल्या अनेक शाळांत मूल मैदानावर स्पॅनिश बोलले तरी शिक्षा होई. कागदावरचे कलम आणि वर्गातली छडी यांतले अंतर आपल्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

अशा मुलखातल्या पास्तुरा या लहानशा खेड्यात ३० ऑक्टोबर १९३७ रोजी अनायांचा जन्म झाला. बालपण जवळच्या सांता रोसा गावी गेले. वडिलांकडची माणसे माळरानावर गुरे राखणारी, तर आईकडची नदीकाठची शेतकरी. घरात फक्त स्पॅनिश. इंग्रजीशी गाठ पडली ती शाळेत गेल्यावर. १९५२ साली कुटुंब आल्बुकर्कला आले. तेथे सोळाव्या वर्षी पाटाच्या पाण्यात सूर मारताना त्यांच्या मानेचे मणके मोडले आणि पुढे कित्येक महिने अंथरुणात गेले. त्यातून उठून ते शिकले आणि शाळामास्तर झाले. दिवसा शाळा आणि रात्री लेखन, असे सात वर्षे खपून त्यांनी ही कादंबरी लिहिली. अनेक प्रकाशकांनी ती परत पाठवली. इंग्रजीत मधेमधे येणारे स्पॅनिश शब्द हे त्याचे एक कारण.

तो काळ चळवळीचा होता. मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा 'चिकानो' हा शब्द तरुणांनी अभिमानाने स्वतःला लावून घेतला होता. १९६५ साली कॅलिफोर्नियात द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा संप झाला. १९६७ साली न्यू मेक्सिकोत, गेलेल्या इनाम जमिनींसाठी लढणाऱ्यांनी तिएरा आमारिया येथील न्यायालयावर हल्ला केला. याच वातावरणात बर्कली येथे निघालेल्या 'किंतो सोल' या छोट्या चिकानो प्रकाशनसंस्थेने अनायांना पुरस्कार दिला आणि १९७२ साली कादंबरी छापली.

कथा साधी आहे. सात वर्षांच्या अंतोनियोच्या घरी अल्टिमा नावाची वृद्ध वैदू बाई राहायला येते. ती जडीबुटी जाणते, बाळंतपणे करते; अंतोनियोचा जन्मही तिच्याच हातचा. वडिलांना वाटते मुलाने माळावरचा मोकळा गडी व्हावे, आईला वाटते त्याने शेतकऱ्यांचा पाद्री व्हावे. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलगा डबा उघडतो तर आत घेवडा, मिरची आणि आईच्या हातची तोर्तिया. सँडविच आणणारी मुले हसतात. डबा घेऊन तो शाळेच्या भिंतीमागे जातो, तर तिथे त्याच्यासारखीच हसली गेलेली आणखी दोन मुले उभी असतात. या पानावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो.

एक गोष्ट प्रथम मला खटकली. आईच्या भाषेची एवढी ओढ असलेल्या माणसाने लिहिले ते इंग्रजीत. स्पॅनिशमध्ये हे पुस्तक १९९४ साली आले, म्हणजे आईच्या भाषेत पोचायला त्याला बावीस वर्षे लागली. ही हार म्हणावी का? मला तसे आता वाटत नाही. शाळेने ज्या पिढीच्या हातून स्पॅनिशची लेखणी काढून घेतली, त्या पिढीने हाती आलेल्या लेखणीने लिहिले. पण आजीचे शब्द त्यांनी गाळले नाहीत. १९८० साली त्यांनी जुन्या लोककथांचे पुस्तक केले, त्यात एकेक कथा सहलेखकाच्या स्पॅनिशमध्ये आणि अनायांच्या इंग्रजीत, अशी दोन्ही भाषांत छापली. १९९२च्या एका कादंबरीला त्यांनी 'आल्बुर्कर्के' हे आपल्या शहराचे जुने नाव दिले. शहराच्या नावातला एक 'र' पुढच्या काळात गळून गेला. कुणा स्टेशनमास्तरला तो उच्चारता येईना म्हणून त्याने तो पुसला, अशी कथा सांगतात. गावाच्या नावातल्या एका अक्षराचे मोल सीमाभागातल्या माणसाला कळते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. ज्यांच्या घरावरून १८४८ साली सीमा गेली, त्यांचेही पूर्वज तिथे जेते म्हणूनच आले होते. प्वेब्लो आदिवासींनी १६८० साली उठाव करून स्पॅनिशांना बारा वर्षे मुलखाबाहेर ठेवले होते. अनायांनी हा भाग झाकला नाही. कादंबरीतल्या सोनेरी माशाच्या देवाची कथा मुलांपर्यंत येते ती एका आदिवासी माणसाकडून, आणि पाद्री होऊ घातलेल्या अंतोनियोला ती झोप येऊ देत नाही. आपल्या दुःखाची गोष्ट सांगताना आपल्या आधीच्यांनाही तीत जागा देणे, हे मला या लेखकाचे मोठेपण वाटते.

पुढे पुस्तक शाळा-महाविद्यालयांत शिकवले जाऊ लागले, तसे त्यावर आक्षेपही आले. २००५ साली कोलोरॅडोतील नॉरवुड येथे शाळाधिकाऱ्याने प्रती काढून घेतल्या आणि त्या पालकांकरवी नष्ट झाल्या. विद्यार्थ्यांनी शाळेतच ठिय्या मांडून त्याच पुस्तकाचे वाचन केले. अनायांना २०१६ साली राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते राष्ट्रीय मानव्यविद्या पदक मिळाले. २८ जून २०२० रोजी त्यांचे निधन झाले.

आता माझे स्वतःचे सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला नववीच्या एका मुलीने 'माझी आजी' हा निबंध लिहिला होता. परड्याला तिने 'हित्तल' म्हटले होते. आजीचे बोलणे आजी बोलते तसेच, अर्धे कन्नड अर्धे मराठी उतरवले होते. मी प्रत्येक कन्नड शब्दाभोवती लाल वर्तुळ काढले आणि वही वर्गात दाखवली. मुले हसली. मराठीचे रक्षण करतो आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती. त्या मुलीने पुढचे निबंध अगदी शुद्ध लिहिले, पण त्यांत आजी पुन्हा आली नाही. परक्या अधिकाऱ्याची छडी मला दिसत होती. माझ्या हातातली लाल शाई दिसायला हे पुस्तक यावे लागले.

मराठी शुद्ध लिहिता आलीच पाहिजे, हे मी आजही शिकवतो. पण वर्षातून एक निबंध मी आता वेगळा ठेवतो. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाकडून एक गोष्ट ऐकायची आणि त्याच्याच शब्दांत लिहून आणायची. त्याला गुण नाहीत आणि लाल शाईही नाही. वाचकहो, या दिवाळीत फराळाला बसाल तेव्हा हे काम तुम्हीही करून पाहा. आजी 'हित्तल' म्हणाली तर 'हित्तल'च लिहा.