नंदभाषा, हत्ता आणि लिलाव : बाजारातील बोलीचा इतिहास

मराठीत 'बोली' या शब्दाचे दोन अर्थ सर्वांच्या परिचयाचे आहेत. भाषेच्या अभ्यासकाची बोली हा एक, आणि लिलावात उभा असलेला व्यापारी मालाची जी किंमत उच्चारतो ती बोली हा दुसरा. प्रस्तुत निबंधाचा विषय ही दुसरी बोली होय. तथापि तिचा विचार पहिल्या बोलीच्या अभ्यासकाने करावा यास सबळ कारण आहे. किंमत कोणत्या खुणेने सांगितली जाते, ती कोणाच्या कानी पडते आणि कोणापासून लपविली जाते, यावर शेतकऱ्याच्या पदरी पडणारी रक्कम पुष्कळ अंशी अवलंबून असते. 'गेम थिअरी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळ-सिद्धान्ताने हीच गोष्ट गेल्या ऐंशी वर्षांत गणिताने सिद्ध केली आहे. बाजाराला ती फार पूर्वीपासून ठाऊक होती.

नेवासे तालुक्यातील सोनई हे गाव या प्रश्नाच्या अभ्यासास सोयीचे आहे. येथील शेतकऱ्याचा ऊस गावच्याच मुळा सहकारी साखर कारखान्यात जातो. तेथे बोली नाही. उसाचा किमान दर केंद्र शासन ठरविते, आणि २००९ पासून त्यास 'रास्त व किफायतशीर दर' असे नाव आहे. त्याच शेतकऱ्याचा कांदा मात्र जवळच्या घोडेगावच्या उपबाजारात जातो, आणि तेथे सर्व काही बोलीवर चालते. एकाच वावरातील दोन पिके, परंतु एकाची किंमत कागदावर ठरते व दुसऱ्याची तोंडाने.

तोंडाने ठरणारी किंमत ही सदैव उघडच असते असे नाही. मोल्सवर्थच्या कोशात नंदभाषेची नोंद आहे. ही दलालांची व दुकानदारांची सांकेतिक भाषा. तिच्यात केवळी म्हणजे एक, आवरू म्हणजे दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, शेली सहा, पवित्र सात, मंगी आठ आणि अंगुळू दहा. विसोबा खेचरांच्या नावावर असलेल्या एका अभंगात शंकराची मुखे, नेत्र व हात यांची गणना याच संख्यांनी केलेली आहे. यावरून या शब्दांची ओळख केवळ पेठेपुरती नव्हती असे दिसते. या भाषेस स्वतंत्र व्याकरण नाही. विभक्तिप्रत्यय मराठीचे, क्रियापदे मराठीची. बदलतात ते मुख्यतः संख्यावाचक शब्द. म्हणजे ज्या एका गोष्टीचे मोल आहे तीच झाकलेली आणि बाकीचे वाक्य उघडे! समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्यास संभाषण कळल्यासारखे वाटावे आणि आकडा तेवढा कळू नये, अशी ही रचना आहे. गुप्त भाषांचा विचार करताना आपण बोलणारा व ऐकणारा असे दोघेच गृहीत धरतो. नंदभाषेत तिसरा मनुष्य आवश्यक आहे. तो नसता तर तिची गरजच पडली नसती.

हत्ता पद्धतीत तर शब्दही गळून पडला. उपरण्याच्या किंवा रुमालाच्या आड दलाल व खरेदीदार हातात हात घालीत, आणि कोणती बोटे किती दाबली यावरून भाव समजला जाई. एकामागून एक खरेदीदार येई. प्रत्येकाची बोली दलालास कळे, दुसऱ्या खरेदीदारास कळत नसे, आणि माल ज्याचा, त्या शेतकऱ्यास तर एकही कळत नसे. अखेरीस दलाल सांगेल तो भाव. जनावरांच्या बाजारांत ही रीत दीर्घकाळ टिकून राहिली.

खेळ-सिद्धान्ताच्या दृष्टीने पाहिल्यास हत्ता हा बंद बोलीचा लिलाव आहे. खरेदीदारांनी एकमेकांची बोली न पाहता आपला आकडा द्यावयाचा, हे तत्त्व आजच्या मोहोरबंद निविदेतही आहे आणि स्वतः ते दोषास्पद नाही. दोष आहे तो आकडा कोणाच्या हाती जमा होतो यात. २०२० साली अकबरपूर व ली यांनी, लिलाव पुकारणाराच नियम मोडील काय आणि मोडल्यास ते कोणाच्या ध्यानात येईल काय, हा प्रश्न गणिताने मांडला. त्यांच्या मांडणीत पुकारणारा स्वतःची प्राप्ती वाढविण्यासाठी लबाडी करतो आणि फसतो तो खरेदीदार. आपल्या पेठांचा अनुभव उलट दिशेचा आहे. दलालाचा खरेदीदाराशी संबंध रोजचा, शेतकऱ्याशी हंगामापुरता. तेव्हा रुमालाखालच्या सर्वोच्च बोलीऐवजी त्याहून खालची बोली जाहीर करण्याचा मोह त्यास का होऊ नये? शास्त्राने अशा मध्यस्थाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे, असे मला वाटते.

या रीतीविरुद्धचा उपाय कायद्याने शोधला, आणि त्याचा आरंभ वऱ्हाडात झाला. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये १८८६ साली कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजाराचा कायदा झाला. शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ साली नियंत्रित बाजारांची शिफारस केली, आणि १९३९ साली मुंबई कृषी उत्पन्न बाजार कायदा संमत झाला. महाराष्ट्राचा आजचा कायदा १९६३ चा. या साऱ्या खटाटोपाचा भाषिक आशय एका वाक्यात सांगता येईल : भाव सर्वांना ऐकू येईल अशा आवाजात बोलला गेला पाहिजे. घोडेगावच्या आवारात एखाद्या वक्कलाभोवती व्यापारी उभे राहतात आणि आकडे चढत जातात, तेव्हा तो शेतकरी प्रत्येक आकडा ऐकतो. नंदभाषेपासून येथपर्यंतचा पल्ला लहान नव्हे.

परंतु येथेच सिद्धान्त एक अडचण उभी करतो. फॉन नॉयमन व मॉर्गेनस्टर्न यांचा खेळ-सिद्धान्तावरील ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला आणि विल्यम विक्रे यांनी १९६१ साली लिलावांचे पहिले नेमके विश्लेषण केले. त्यानंतर खरेदीदारांच्या संगनमताचा प्रश्न पुढे आला. मार्क रॉबिन्सन यांनी १९८५ साली दाखविले की, उघड चढत्या लिलावात संगनमत टिकविणे सोपे असते. समजा, चार व्यापाऱ्यांनी ठरविले की हे वक्कल एकाने स्वस्तात घ्यावे. त्यांतील कोणी शब्द मोडून बोली चढविली तर ती सर्वांस ऐकू जाते. ठरलेला व्यापारी लगेच वर बोलतो, आणि फितुरास लाभ काहीच होत नाही. आपण देऊ केलेली रक्कमच द्यावी लागते अशा बंद निविदेत मात्र ठरलेल्या व्यापाऱ्यास मुळातच कमी आकडा लिहावा लागतो, आणि त्याहून थोडा अधिक लिहून फितुराने माल उचलला तर ते निकाल लागल्यावरच कळते. तेव्हा जो मोकळा आवाज शेतकऱ्याच्या रक्षणार्थ आणला, तोच आवाज खरेदीदारांना परस्परांवर पहारा ठेवावयास उपयोगी पडतो. मोजकेच व्यापारी रोज त्याच आवारात भेटतात, अशा कोणत्याही बाजारास हे लागू आहे.

यामुळे संगणकाच्या लिलावात जे घडले त्याचे आश्चर्य वाटावयास नको. १९९९ साली निसान व रोनेन यांनी 'अल्गोरिदमिक मेकॅनिझम डिझाइन' हे नाव देऊन एक नवे क्षेत्र आखले. स्वार्थी सहभागींनाही खरे सांगणेच हिताचे ठरावे असे नियम आखावयाचे, आणि निकाल संगणकास मर्यादित वेळेत काढता यावा, हे त्याचे उद्दिष्ट. आपल्या शेजारी कर्नाटकात २०१४ पासून बाजार समित्या एका संगणकीय मंचावर जोडल्या गेल्या व व्यापारी आपला आकडा इतरांस न दिसता नोंदवू लागले; केंद्र शासनाचा ई-नाम मंच १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाला. कर्नाटकातील मंचाविषयी लेवी, राजन, सिंघवी व झेंग यांचे संशोधन २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भाताच्या भावात सुमारे पाच टक्के, भुईमूग व मका यांच्या भावात साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढ झाली. कापूस, मूग व तूर यांत लक्षणीय वाढ आढळली नाही. गुप्तता परत आली खरी, परंतु दिशा बदलून. हत्त्यात आकडा शेतकऱ्यापासून लपत होता. येथे तो खरेदीदारांनी परस्परांपासून लपवावयाचा आहे.

मात्र बंद बोली हाच अखेरचा तोडगा समजण्याचे कारण नाही. अलीकडे बोली लावण्याचे काम स्वतः शिकणाऱ्या अल्गोरिदमांकडे सोपवून प्रयोग झाले आहेत. २०२२ साली बँकिओ व स्क्रिपाच यांनी दाखविले की, स्वतःची बोलीच भरावी लागते अशा लिलावात हे अल्गोरिदम एकमेकांशी एक अक्षरही न बोलता खालच्या आकड्यांवर स्थिरावू शकतात. सर्वोच्च बोली लावणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची रक्कम द्यावयाची, या विक्रेंच्या पद्धतीत तसे होत नाही. जिंकण्यास किमान किती बोली लागली असती हे प्रत्येकास नंतर कळविले, तर पहिल्या पद्धतीतही स्पर्धा सुधारते. भाषाशास्त्रज्ञास यात विशेष कुतूहल वाटावे. नंदभाषेस शब्द लागत, हत्त्यास बोटे लागत. येथे संकेतावाचूनच संगनमत घडते, आणि संकेत नसल्यामुळे ते कोणत्याही कायद्याच्या शब्दांत पकडणे कठीण.

म्हणून घोडेगावच्या कांद्याची बोली उद्या पडद्यावर गेल्यास खरा प्रश्न यंत्राचा नसून, कोणता आकडा कोणास व केव्हा दाखवावयाचा, हा राहील. सोनईच्या शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीवर आज एकच भाव असतो, विकला गेलेला. त्याखाली दुसऱ्या क्रमांकाची बोली छापली, तर आपल्या वक्कलासाठी चढाओढ झाली की नाही याचा अंदाज त्यास त्या एका ओळीवरून बांधता येईल. आणि अनेक दिवसांच्या पट्ट्या एकत्र ठेवल्या, तर तो अंदाज अभ्यासकासही तपासता येईल.