मंठ्याच्या प्रेक्षकाला काय वाटलं?



आजच्या व्याख्यानाचा विषय कळल्यावर काही जणांना वाटलं असेल, की यात इतिहास कुठं आला? मालिका बघितली, पिक्चर बघितला. कुणाला आवडला, कुणाला नाही. चहाच्या टपरीवर दोन दिवस चर्चा झाली आणि संपलं. राजेरजवाडे, लढाया, करार, कायदे हा इतिहास. बघणाऱ्याच्या आवडीनिवडीचा कसला आलाय इतिहास?

आम्ही याच प्रश्नापासून सुरुवात करतो. समजा, पन्नास वर्षांनी एखादा संशोधक मंठ्यात आला. त्याला जाणून घ्यायचंय, की या गावच्या माणसांनी पडद्यावर जे पाहिलं त्याबद्दल त्यांना काय वाटलं. कुठला सिनेमा किती चालला हे त्याला नकोय. बघणाऱ्याला काय वाटलं ते हवंय. त्यानं कोणता कागद काढायचा?

आपण त्याच्यासाठी तो कागद शोधून बघू.

पहिला कागद बराच जुना आहे. १९२७ मध्ये ब्रिटिश सरकारनं सिनेमाची चौकशी करायला एक समिती नेमली. टी. रंगाचारियर तिचे अध्यक्ष. या समितीनं हजारोंनी प्रश्नपत्रिका वाटल्या, शहरोशहरी जाऊन साक्षी घेतल्या. १९२८ मध्ये अहवाल आला आणि साक्षींचे खंडच्या खंड छापले गेले. चित्रपटगृहांचे मालक, वकील, शिक्षक, संपादक, अधिकारी असे सगळे त्यात बोलले आहेत. सिनेमा बघून मुलं बिघडतात का, बायकांनी सिनेमा बघावा का, इंग्रजी सिनेमामुळे साहेबाची अब्रू जाते का, सगळ्यावर मतं आहेत.

गंमत बघा. महात्मा गांधींनाही या समितीनं प्रश्नावली पाठवली होती. त्यांनी कळवलं, की मी कधी सिनेमाला गेलेलो नाही, त्यामुळे उत्तरं द्यायला मी लायक नाही. आणि तरीही सिनेमानं नुकसान केलंय हे त्यांनी सांगितलंच! म्हणजे ज्यानं पाहिलं नाही त्याचं मत दप्तरात आहे. जो जमिनीवर बसून रोज बघत होता, त्याचं बहुतेक नाही. कारण त्याला कुणी विचारलंच नाही.

आणि मंठा? मंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. समिती ब्रिटिश हिंदुस्थानची. त्यामुळे पहिला कागद आपल्यासाठी कोरा.

मग मधल्या काळात इथली माणसं बघत नव्हती का? बघत होती की. जत्रा भरली की तंबूतला सिनेमा यायचा, ज्याला आपण टुरिंग टॉकीज म्हणतो. ट्रकमध्ये प्रोजेक्टर, कापडाचा पडदा, बाया एका बाजूला, गडीमाणसं दुसऱ्या बाजूला. गर्दी जास्त झाली तर पडद्याच्या मागच्या अंगाला बसूनही लोक बघायचे. त्यांना अक्षरं उलटी दिसायची आणि नायक डावखुरा. हिंदी सिनेमाची बोली इथं परकी नव्हती, हेही ध्यानात घ्या. निजामी राज्याचा कारभार उर्दूत चालायचा. कोर्टकचेरी, मोजणी, शाळा, सगळीकडं उर्दू. त्यामुळे संवाद कळायला मराठवाड्यातल्या माणसाला फार कष्ट पडले नाहीत.

या प्रेक्षकानं मत दिलं नाही असं नाही. त्यानं ते कागदावर दिलं नाही, एवढंच. त्याचं मत शिट्टीत होतं, पडद्यावर उधळलेल्या पैशांत होतं, कंटाळा आल्यावर उठून बाहेर जाण्यात होतं. १९७५ मध्ये ‘जय संतोषी माँ’ आला, तेव्हा लोकांनी चित्रपटगृहाबाहेर चपला काढल्या, पडद्याला हार-फुलं वाहिली. हे देशभर झालं. समीक्षकानं त्या सिनेमाबद्दल काहीही लिहिलेलं असो, चप्पल काढणाऱ्या बाईनं आपलं मत दिलेलं होतं. पण चपला परत पायात गेल्या आणि मतही घरी गेलं. इतिहासकाराच्या हाती काय उरलं?

आता दुसरा कागद. पत्र.

झुमरी तलैया हे नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. आजच्या झारखंडमधलं, अभ्रकाच्या खाणींचं हे छोटं गाव देशाला माहीत झालं ते रेडिओवरच्या फर्माइशीमुळे. गावातल्या लोकांनी पत्रं टाकली म्हणून गावाचं नाव झालं. म्हणजे ज्यानं पोस्टकार्ड लिहिलं, तो इतिहासात शिरला.

टेलिव्हिजनच्या बाबतीत तेच झालं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. आपल्या भागात चित्र यायला पुढं बरीच वर्षं जावी लागली. ‘हम लोग’ ७ जुलै १९८४ ला सुरू झाली, दीडशेहून जास्त भाग झाले, डिसेंबर १९८५ मध्ये संपली. भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी बोलायचे. प्रेक्षकांची पत्रं लाखांनी आली. संशोधकांनी त्या पत्रांचा आणि प्रेक्षकांचा अभ्यास केला, तेव्हा एक विलक्षण गोष्ट पुढं आली. मालिकेत भागवंती नावाची आई आहे. सगळं सोसणारी, नवऱ्याचं ऐकून घेणारी. करणाऱ्यांचा हेतू असा, की तिची अवस्था बघून बायकांनी म्हणावं, असं जगू नये. पण अनेक प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली! बाई असावी तर अशी, असं त्यांनी सांगितलं.

हे आम्ही का सांगतोय? कारण काही जण म्हणतात, साध्या प्रेक्षकाच्या मताला काय किंमत, समीक्षा वाचा म्हणजे कळेल. नाही कळणार. मालिका काय सांगू पाहत होती ते समीक्षेत मिळेल. घराघरात काय पोचलं, ते भागवंतीबद्दल लोकांना विचारलं म्हणून कळलं. त्या काळी घरातलं बाईचं स्थान समजून घ्यायला यापेक्षा चांगला पुरावा कुठला?

पण पत्रालाही मर्यादा आहे. पत्र लिहायला अक्षरओळख लागते, कार्डाचे पैसे लागतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, आपल्या मताला कुणी विचारेल असा भरवसा लागतो. शेजारच्या घरात दाराशी बसून मालिका बघणारी शेतमजूर बाई पत्र लिहीत नाही. दुसरा कागद अर्धाच भरलेला आहे.

इथं आम्हाला थोडं थांबायचंय. कारण १९८८ सालची एक गोष्ट आपल्या भागाशी फार जवळून जोडलेली आहे.

जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर ‘तमस’ सुरू झाली. भीष्म साहनींची कादंबरी, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. विषय फाळणीच्या वेळची दंगल. ही दाखवू नका, लोक भडकतील, असं म्हणत मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली आणि एका न्यायमूर्तींनी स्थगिती दिली. मग न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी स्वतः मालिका पाहिली आणि स्थगिती उठवली. बघा, निकाल देण्याआधी न्यायाधीश प्रेक्षक झाले. पुढं सर्वोच्च न्यायालयानंही १६ फेब्रुवारी १९८८ ला बंदीची मागणी फेटाळली. त्यासाठी आधार घेतला नागपूर उच्च न्यायालयाच्या एका जुन्या निकालाचा, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या. त्याचा आशय असा, की परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर, धीराच्या माणसाच्या मापानं. डळमळीत मनाच्या माणसाच्या मापानं जोखायचा नाही.

म्हणजे दोन्ही बाजू प्रेक्षकाच्या वतीनं बोलत होत्या. एक म्हणाली, हा प्रेक्षक भडकेल. न्यायालय म्हणालं, हा प्रेक्षक शहाणा आहे. आम्हाला न्यायालयाचं म्हणणं पटतं. पण प्रत्यक्ष प्रेक्षकाला काय वाटलं, ते कुठंय?

आता मंठ्याकडे या. ‘तमस’मधली फाळणी पंजाबातली. पण या मराठवाड्यात आपलं स्वतःचं १९४८ आहे. आधी रझाकारांचा जुलूम, मग सप्टेंबरमधली पोलीस कारवाई, १७ सप्टेंबरची मुक्ती. आणि त्यानंतर अनेक ठिकाणी मुसलमान वस्त्यांवर झालेले हल्ले. त्याची चौकशी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती. तिचा अहवाल कित्येक वर्षं प्रसिद्ध झाला नाही. १९४८ मध्ये दहा वर्षांचं असलेलं मूल ‘तमस’च्या वेळी पन्नाशीत होतं. ज्या घरांत दूरदर्शन दिसत होतं, त्या घरांत ते बसलं होतं. हिंदूंच्या घरात आणि मुसलमानांच्याही घरात. पडद्यावर जळणारी घरं बघताना त्याला स्वतःचं गाव आठवलं का? त्यानं मुलांना काही सांगितलं, की उठून सेट बंद केला? दुसऱ्या दिवशी बाजारात दोन म्हातारे शेजारी एकमेकांशी त्याबद्दल बोलले, की मुद्दाम बोलले नाहीत?

याची एक ओळही नोंदलेली आमच्या पाहण्यात नाही. जी गोष्ट थेट विचारली तर माणूस सांगत नाही, ती एखाद्या मालिकेच्या निमित्तानं सहज बाहेर पडते. ते निमित्त १९८८ मध्ये घराघरात येऊन गेलं आणि विचारणारं कुणी नव्हतं.

तिसरा कागद म्हणजे मीटर. टीआरपी. निवडक घरांत सेटला यंत्र बसवायचं, कोणता चॅनेल किती वेळ चालला ते मोजायचं. बराच काळ हे मोजमाप मोठ्या शहरांपुरतं होतं. लाखाच्या वर वस्ती असलेली शहरं धरायची. मंठा त्यात कुठून बसणार? १९९९ मध्ये ‘आभाळमाया’ आली, २००१ मध्ये ‘चार दिवस सासूचे’ सुरू होऊन अकरा वर्षं चालली. गावोगावी बायकांनी स्वयंपाकाच्या वेळा बदलल्या, पण कोणती मालिका चालू ठेवायची हे ठरत होतं शहरी मीटरवर. ग्रामीण भागाचे आकडे नियमित येऊ लागले ते बार्क ही संस्था आल्यावर, ऑक्टोबर २०१५ पासून. आणि आकडे येताच फुकट दिसणाऱ्या चॅनेलांचं वजन एकदम वाढलं. तोवर आपण बघत होतो, पण हिशेबात नव्हतो.

आता हिशेबात आलो, हे चांगलंच झालं. पण मीटर काय मोजतं? सेट चालू होता, एवढंच. २०२० च्या टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा लागलं. १६ एप्रिलच्या भागाला ७ कोटी ७० लाख प्रेक्षक मिळाले असं दूरदर्शननं जाहीर केलं. १९८७ मध्ये लोक ट्रॅक्टरची बॅटरी लावून तेच ‘रामायण’ बघायचे, तेव्हा असा आकडा नव्हता. आज आकडा आहे. पण सीतेच्या अग्निपरीक्षेला १९८८ मध्ये आजीला काय वाटलं आणि २०२० मध्ये नातीला काय वाटलं, हे त्या आकड्यात नाही. घर तेच, प्रसंग तोच, आणि बहुधा मत वेगळं. इतिहास त्या फरकात आहे.

आजकाल मतं फोनवर लिहिली जातात. २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ आला. कुणी प्रेमाची गोष्ट म्हणून पाहिला, कुणी जातीची. एका घरात बापलेकाचं पटलं नाही. ती भांडणं ज्या फोनवर झाली, ते फोन आता कुठं आहेत? बदलले. पोस्टकार्ड निदान ट्रंकेत राहायचं.

म्हणून, मंडळी, आमचं सांगणं साधं आहे. चौथा कागद आपणच लिहायचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. फक्त एक पथ्य पाळा. ‘तमस आवडली का?’ असं विचारू नका. पस्तीस-चाळीस वर्षांनी मत बदलतं, पुढं घडलेलं मागच्यात मिसळतं. कुणाच्या घरी बघितली, कोण कुठं बसलं होतं, जागा कुणाला मिळाली नाही, कोणत्या प्रसंगाला कोण उठून गेलं, घरी येताना काय बोलणं झालं, ते विचारा. जागा आणि माणसं आठवली की मत मागोमाग येतं. हिंदूंच्या घरी विचारा, मुसलमानांच्या घरी विचारा, गावकुसाबाहेरच्या वस्तीत विचारा. तारीख घाला, सांगणाऱ्याची परवानगी घ्या. त्यांनी ‘हे लिहू नको’ म्हटलं, तर लिहू नका.

आणखी एक. जुने कागद शोधायला गेलात तर परभणीलाही जा. मंठा पूर्वी परतूर तालुक्यात होतं आणि परतूर १ मे १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यात. जालन्यात सगळं सापडणार नाही.

१९४८ मध्ये दहा वर्षांचं असलेलं ते मूल आता नव्वदीकडे झुकलंय. आपल्या आसपास अशी माणसं फार थोडी उरली आहेत. विचारायचं असेल तर याच दिवाळीच्या आत विचारा.