दोन वणी, एक कोळसा

दिंडोरी तालुक्यातील आपल्या वणीचे नाव उच्चारताच सप्तशृंगीचा डोंगर नजरेसमोर उभा राहतो. यवतमाळ जिल्ह्यातही एक वणी आहे. तिची ओळख मात्र कोळशाची. नाव एक, पण भूमी किती निराळी! आपल्या पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा पाषाण आहे. तिकडे वर्धा खोऱ्यात पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची अरण्ये दलदलीत गाडली गेली, गाळाच्या भाराखाली दबली आणि त्यांचा कोळसा झाला.

या खडकांच्या अभ्यासात एका धर्मसेवकाचेही नाव येते. 1845 साली नागपुरास आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी प्रवचन व शाळा सांभाळून त्या प्रदेशातील खडक आणि जीवाश्म अभ्यासले. 1863 साली नदीत बुडून त्यांचा अंत झाला. पुढे 1870 नंतरच्या काळात वरोरा येथे सरकारी खाण चालली. ती 1906 साली बंद पडली. 1973 साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि 1975 पासून वणी परिसरातील खाणी वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आहेत.

कोळसा काढण्याच्या रीती मुख्यतः दोन. थर खोल असेल तर उभी विहीर अथवा उतरता बोगदा खणतात. आत आडवे-उभे रस्ते कोरताना मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब राखतात. छताचा भार तेच पेलतात. भोके पाडून सुरुंग लावायचा, सुटलेला कोळसा भरून वर धाडायचा, झिरपणारे पाणी पंपाने उपसायचे आणि ताजी हवा सतत खेळती ठेवायची. शेवटी खांबही काढीत मागे सरतात. सर्वांत जोखमीचे काम हेच, कारण छत कोसळणार हे ठाऊक असूनच माणूस तेथे उभा असतो.

थर उथळ असेल तर वरची माती व खडक हटवून खाण उघडीच ठेवतात. येथे छताचे भय नाही. पण जी माती प्रथम दूर होते ती शेतकऱ्याची काळी कसदार जमीन असते. मोबदला मिळाला, तरी पिढ्यान्‌पिढ्यांचे शेत परत मिळत नाही. मागे उरतात मातीचे कृत्रिम डोंगर आणि पाण्याने भरलेले खड्डे.

नाशिकजवळ एकलहरे येथील वीजकेंद्रात विदर्भाचा कोळसा जळत आला आहे. म्हणजे आपल्या घरातील उजेडाशी त्या दुसऱ्या वणीचे नाते आहे. दिवा लावताना तिकडच्या खाणकामगाराचे आणि शेत गमावलेल्या कुटुंबाचे स्मरण करावे. विनाकारण जळणारा दिवा मालवावा. ऋण मानण्याची सुरुवात एवढ्यापासून तरी व्हावी.