बर्डन, ॲन

रॉबर्ट सी. ओब्रायन (मूळ नाव रॉबर्ट लेस्ली कॉनली, १९१८–७३) यांच्या 'झेड फॉर झकारिया' (१९७४) या अमेरिकन कादंबरीची नायिका. अणुयुद्धानंतर एका दरीत एकटी उरलेली सोळा वर्षांची शेतकऱ्याची मुलगी. कादंबरी तिच्या रोजनिशीच्या रूपात आहे.

डोंगरांच्या कुशीतील या दरीची हवा बाहेरच्या हवेत फारशी मिसळत नाही, म्हणून ती किरणोत्सारापासून वाचली. शोधासाठी बाहेर पडलेले आईवडील परतले नाहीत. ॲनच्या निभावाचे श्रेय बहुधा तिच्या धैर्याला दिले जाते. त्याहून अधिक ते तिला येत असलेल्या कामांना द्यावे लागेल. दूध काढणे, कोंबड्या पाळणे, नांगरणी, पेरणी, मासेमारी हे सर्व तिला लहानपणापासून अवगत आहे. दरीत दोन ओढे आहेत: आतल्या झऱ्याचे पाणी तळ्यातून वाहते आणि ते शुद्ध आहे, बाहेरून येणारा ओढा विषारी, त्यात मासाही नाही. हा भेद ती निरीक्षणाने ओळखते. दूरवर धूर दिसताच गुरे-कोंबड्या मोकळ्या सोडून, मळ्याच्या खुणा पुसून ती गुहेत लपते.

येणारा जॉन लूमिस हा कॉर्नेल विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ. किरणोत्सार रोखणारा एकमेव पोशाख त्याच्याकडे असतो. विषारी ओढ्यात आंघोळ करून तो आजारी पडतो. ॲन त्याची शुश्रूषा करते. वीज नसताना पंपातून हाताने पेट्रोल काढण्याची युक्ती त्याची. त्यामुळे ट्रॅक्टर चालू होतो आणि लागवड वाढते. बरा झाल्यावर तो तिच्यावर बळजबरीचा प्रयत्न करतो. ती घर सोडते, तरी दूध, अंडी, भाजी त्याच्यापर्यंत पोहोचवत राहते. तो ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतो, दरीतल्या दुकानाला कुलूप लावतो आणि तिच्या पायावर गोळी झाडतो. अखेर तोच पोशाख पळवून ती दरीबाहेर पडते. हाती आलेले शेत सोडण्याचा तिचा निर्णय कृषिदृष्ट्या मोठ्या जोखमीचा आहे. पश्चिमेला पक्षी दिसल्याचे लूमिस सांगतो, तेही ती निघत असताना.

ओब्रायन यांच्या मृत्यूनंतर पत्नी व मुलीने टिपणांवरून शेवटची प्रकरणे पूर्ण केली. कादंबरीला १९७६ चा एडगर पुरस्कार मिळाला.

रूपांतरे : बीबीसी दूरचित्रवाणी (१९८४), वेल्समध्ये घडणारे; चित्रपट (२०१५), दिग्दर्शक क्रेग झोबेल. चित्रपटात ॲन प्रौढ असून केलेब हे तिसरे पात्र नव्याने घातले आहे.